मायकोमागचा माणूस

गाडी सिग्नलला उभी राहिली की हँडल थरथरतं, आरशातलं मागचं जग हलायला लागतं आणि मूठ जरा सैल सोडली की इंजिन दोन आचके देऊन गप्प होतं. जुन्या मोटारसायकली ज्यांनी वापरल्या, त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. मिस्त्रीच्या भाषेत, गाडी स्लोला बसत नाही.

चांगला मिस्त्री अशा वेळी लगेच पाना घेऊन इंजिनवर तुटून पडत नाही. आधी विचारतो, थरथर कधी होते? उभ्या गाडीत होते की पळताना? इंजिन चढेल तशी वाढत असेल, तर इंजिन आणि त्याचे बोल्ट बघायचे; रस्त्यावरच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर चाक, टायर, चेन. आणि फक्त स्लोला होत असेल, तर वैद्य जीभ बघतो तसा तो प्लग काढून उन्हात धरतो. टोक तांबूस बदामी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओलसर, तेलकट असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. मग गॅप, मग कार्बोरेटरचा स्लो जेट. पॉइंट आणि मॅग्नेटोच्या जुन्या गाड्यांत आणखी एक खोड असे. मॅग्नेटो हळू फिरला की ठिणगीही मंद पडायची, म्हणजे नेमकी स्लोला.

त्या प्लगवर बहुधा एकच नाव कोरलेलं असे: मायको. आम्हा नाशिककरांना तर हे नाव घरचंच. त्र्यंबक रोडवरचं मायको सर्कल, सातपूरचा कारखाना, तिथे नोकरीला लागलेला मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारात हुकमाचा एक्का. बँकेत असताना सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या, त्यांत मायकोची ऑर्डर दिसली की माझा हात सहीकडे जरा लवकर वळायचा. पण ज्या माणसापासून हे सगळं सुरू झालं, त्याचं नाव विचारलं तर आपण गोंधळतो.

त्याचं नाव रॉबर्ट बॉश. जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्याचा जन्म झाला. बारा भावंडांतला हा अकरावा. वडिलांची शेती आणि खानावळ होती; माणूस सुखवस्तू आणि स्वतंत्र विचारांचा. शाळेत रॉबर्टचं मन रमलं नाही. उल्मला बारीक यंत्रकामाच्या उमेदवारीला लागला, पण तिथल्या मालकाने धड शिकवलं नाही. हा सल त्याने जन्मभर बाळगला. पुढे १९१३ मध्ये त्याने आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळी कार्यशाळाच काढली. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला, काही काळ एडिसनच्या कारखान्यात राबला, परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काम केलं.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये त्याने छोटी कार्यशाळा उघडली. हाताशी एक मदतनीस कारागीर आणि एक पोऱ्या. घराघरांत टेलिफोन, विजेच्या घंटा बसवायच्या, मिळेल ते काम करायचं. भांडवल मुख्यतः वडिलांच्या वारशाचं, दहा हजार मार्क. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. एकदा तर बरीचशी माणसं कमी करावी लागली. बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, त्या काळातला त्याचा ताळेबंद माझ्यासमोर आला असता, तर मी कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्याने जागेवर चालणाऱ्या इंजिनाला चुंबकावर चालणारं ठिणगीयंत्र करून दिलं. कल्पना त्याची नव्हती, ड्यॉइट्सच्या कारखान्यातल्या यंत्रावरून घेतलेली. त्याने ती सुधारली. ती इंजिनं संथ होती. खरी परीक्षा आली १८९७ मध्ये, द दियाँ-बूताँची तीन चाकी मोटारगाडी घेऊन. आपल्या मोटारसायकलची ही थोरली बहीणच म्हणा. तिचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घ्यायचं. एवढ्या वेगात जुन्या यंत्राचा जड आर्मेचर मागेपुढे हलणार कसा? बॉशचा सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर याने तोड काढली: जड भाग स्थिर ठेवायचा आणि त्याच्याभोवतीची हलकी धातूची नळी तेवढी हलवायची. ठिणगी वेळेवर पडू लागली. १९०२ च्या सुमारास गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, आणि बॉशचं नाव जगभर गेलं. दोन्ही शोध सहकाऱ्यांचे, हे मुद्दाम लिहितो. हुशार माणसं निवडायची आणि त्यांना मोकळं सोडायचं, हा बॉशचा खरा गुण.

मालक म्हणून तो कडक होता. जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा त्याला खपत नसे, असं सांगतात. पण १९०६ मध्ये, बाकीचे कारखाने दहा-दहा तास राबवत असताना, त्याने आठ तासांचा दिवस सुरू केला. लोक त्याला लाल बॉश म्हणू लागले. यात नुसता दयाळूपणा नव्हता. दोन पाळ्या चालवता येतात आणि थकलेला हात चुका करतो, हा हिशेब होता. तरीही १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात संप झाला. तो त्याला फार लागला. त्यानंतर तो मालकांच्या संघटनेत गेला.

पहिल्या महायुद्धात लष्करी मालातून पैसा आला, तो त्याला टोचत असावा. दोन कोटी मार्कांहून अधिक रक्कम त्याने लोकोपयोगी कामांना दिली. १९२१ मध्ये मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने गेला, पुढे पहिला संसारही मोडला. १९२७ मध्ये डिझेल इंजिनाचा इंजेक्शन पंप बाजारात आला. आपल्या सातपूरची ओळख त्याच वंशातली: इंजेक्टर आणि नोझल. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही हजारांश भागांत मोजतात. १९४० मध्ये त्याने स्टुटगार्टमध्ये होमिओपॅथीचं रुग्णालय उभारलं. साबुदाण्याच्या गोळ्यांवर श्रद्धा असलेल्या आपल्याकडच्या घरांना हे वाचून बरं वाटेल.

आता अवघड भाग. हिटलरचं राज्य बॉशला मनापासून नकोसं होतं. त्याच्या विश्वासातल्या माणसांनी, विशेषतः हान्स वाल्ट्स याने, ज्यूंना देशाबाहेर पडायला पैसा पुरवला. हिटलरविरोधी कटातल्या कार्ल गोर्डेलरला कंपनीचा आडोसा दिला. आणि त्याच कंपनीच्या कारखान्यांत लष्करासाठी माल बनत होता, युद्धकाळात हजारो वेठबिगार तिथे राबवले गेले. एका हाताने वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने तोच गाडा पुढे ढकलायचा. त्याच्या चाहत्यांनी यातलं पहिलं तेवढं सांगावं आणि दुसरं झाकावं, हे मला पटत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी कानाच्या दुखण्यातून बॉश गेला. ज्यांचा त्याला तिटकारा होता, त्याच सरकारने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला. गोर्डेलरला १९४५ च्या फेब्रुवारीत फासावर चढवण्यात आलं. वाल्ट्स युद्धातून वाचला. ज्यूंना केलेल्या मदतीबद्दल १९६९ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. बॉशच्या इच्छेला धरून कंपनीचं नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल पुढे धर्मादाय प्रतिष्ठानाकडे गेलं. बंगळूरला १९५१ मध्ये निघालेल्या मायकोचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, पण रिक्षावाल्याला बॉश सर्कल सांगून पाहा, तो तुम्हाला परगावचे समजेल.