सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : पुणतांबे, अहमदनगर जिल्हा, १२ जानेवारी १९१८, मृत्यू : मुंबई, ५ जानेवारी १९८२) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार, पार्श्वगायक, अभिनेते आणि निर्माते होते. संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र या नावाने आणि गायक म्हणून चितळकर या नावाने ओळखले जात. चित्रपटसृष्टीत त्यांना अण्णा म्हणत. रागदारीवर आधारलेल्या सुरेल चालींसाठी त्यांची जेवढी ख्याती आहे, तेवढीच जॅझ, स्विंग, रुंबा आणि रॉक अँड रोल या पाश्चात्त्य प्रकारांना हिंदी चित्रपटगीतात रुजविण्यासाठीही आहे. हे सर्व प्रकार अमेरिकेत घडले वा तेथून जगभर पसरले. त्यांतील जॅझ आणि रॉक अँड रोल यांचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांत आहे. या दूरच्या परंपरेचा एक धागा गोदावरीकाठच्या पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकारापर्यंत कसा आला, हा त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा भाग आहे.

बालपण आणि शिक्षण

पुणतांबे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. पूर्वी कोपरगाव तालुक्यात असलेले हे गाव आता अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात आहे. रामचंद्र यांना संगीताचे शिक्षण नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे मिळाले. विनायकबुवा हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. त्यामुळे रामचंद्र यांचा पाया ग्वाल्हेर घराण्याच्या शिस्तीत घातला गेला. पुढे त्यांनी कितीही परकीय वळणे स्वीकारली, तरी त्यांच्या चालींतील स्वरांची जाण या शिक्षणाची साक्ष देते.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

रामचंद्र चित्रपटात आले ते नट म्हणून. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ (१९३५) या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. अभिनयात यश न मिळाल्याने ते सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोन या संस्थेत किरकोळ भूमिका करू लागले. तेथेच बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली ते हार्मोनियमची साथ करीत. नट म्हणून आलेले अपयश त्यांना संगीताकडे परत घेऊन आले.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी प्रथम तमिळ चित्रपटांना संगीत दिले. ‘वनमोहिनी’ (१९४१) हा त्यांपैकी एक. त्याचे दिग्दर्शक भगवान आभाजी पालव, म्हणजेच भगवानदादा होते. भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ (१९४२) या हिंदी चित्रपटाने रामचंद्र यांचे नाव पुढे आले. या दोघांचा स्नेह आणि सहयोग पुढे दीर्घकाळ टिकला.

ब्लूज, जॅझ आणि मुंबई

ब्लूज हा गीतप्रकार अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय समाजात आकारास आला. शेतमजुरांची श्रमगीते, आरोळ्या आणि चर्चमधील भक्तिगीते यांतून तो घडला. त्याच्या रूढ आकृतिबंधात बारा खंड असतात आणि प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना असते. या गायनातील काही स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी लागतात. विशेषतः गांधार आणि निषाद यांच्या बाबतीत हे जाणवते. भारतीय श्रोत्याला श्रुतींची कल्पना परिचित असल्यामुळे ही गोष्ट समजण्यास कठीण जात नाही. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची ब्लूजची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर खपली आणि त्यानंतर या गाण्यांच्या मुद्रणाला वेग आला. जॅझने ब्लूजचे स्वर आणि आकृतिबंध आपलेसे केले. पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोल तर ब्लूजचाच वेगवान वारस होय.

मुंबईत हे संगीत ध्वनिमुद्रिकांतून आणि प्रत्यक्ष कलावंतांकडून पोहोचले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन पियानोवादक तेथे वाजवू लागले. १९४५ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. या कलावंतांच्या सहवासात गोव्याचे अनेक वादक तयार झाले. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवीत. त्यामुळे कागदावरचे संगीत वाचून वाजविणारे वादक मुंबईला गोव्यातून मिळत गेले. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचा आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला हजर राहायचे, असा त्यांच्यापैकी अनेकांचा क्रम होता.

हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी अग्रगण्य होत. ट्रम्पेटवादक म्हणून ते चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध होते आणि त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी केली जाई. त्यांनी रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम केले. रामचंद्र हार्मोनियमवर चाल बांधीत, सहायक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, गिटार यांच्यासाठी तुकडे लिहीत आणि वादक ते पाहून वाजवीत. गांधर्व महाविद्यालयाची तालीम आणि ताजमहाल हॉटेलातील जॅझ यांची गाठ अशा रीतीने पडली.

प्रमुख चित्रपट

‘शहनाई’ (१९४७) या पी. एल. संतोषी यांच्या चित्रपटातील एका विनोदी गीतात रामचंद्र यांनी शिट्टीचा वापर करून पाश्चात्त्य ठेका आणला. हे गीत देशभर गाजले. ‘पतंगा’ (१९४९) मधील दूरध्वनीवरील संवादाच्या स्वरूपातील युगुलगीत शमशाद बेगम यांच्यासह त्यांनी स्वतः गायिले. आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ हे गीत लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजात आहे.

‘अलबेला’ (१९५१) हा रामचंद्र आणि भगवानदादा यांच्या सहयोगाचा कळस मानला जातो. त्यात स्विंग व लॅटिन ठेक्यांवरील नृत्यगीते आहेत आणि त्याच चित्रपटात लताबाईंनी गायिलेली एक शांत अंगाईही आहे. पुरुष आवाज चितळकरांचा आहे. चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद या चित्रपटात पडद्यावरही दिसतो.

‘अनारकली’ (१९५३) या चित्रपटाने त्यांची दुसरी बाजू दाखविली. त्यातील गीतांत भीमपलास व बागेश्री या रागांचा आधार आहे. ‘आझाद’ (१९५५) या चित्रपटाचे काम त्यांनी अत्यल्प मुदतीत पूर्ण केल्याचे प्रसिद्ध आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ (१९५९) मध्ये मालकंसावर आधारित रचना आढळतात. ‘स्त्री’ (१९६१) हाही शांताराम यांचाच चित्रपट.

एम. व्ही. रामन यांच्या ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ हे गीत किशोरकुमार व आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले आहे. हिंदी चित्रपटातील रॉक अँड रोलच्या आरंभीच्या गीतांत त्याची गणना होते. संगीत-खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी बडबडगीतावरून मुखडा सुचला आणि रामचंद्र यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात नकारार्थी कोंकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. राजेंद्र कृष्ण यांच्या या गीतात अर्थापेक्षा नादाला महत्त्व आहे. जॅझमधील निरर्थक अक्षरांच्या गायनाशी त्याचे नाते जुळते, तसेच आपल्याकडील तराण्याशीही जुळते.

उसनवारी आणि निर्मिती

रामचंद्र यांच्या पाश्चात्त्य वळणाच्या गीतांविषयी मूळचा प्रश्न उसनवारीचा आहे. ‘गोरे गोरे’ या गीताची चाल १९४५ च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूड चित्रपटातील कार्मेन मिरांडा यांच्या गीतावरून घेतलेली आहे. मूळ गीत पोर्तो रिकोच्या माणसाविषयी, गायिका ब्राझीलमध्ये वाढलेली आणि चाल अमेरिकन संगीतकाराने बांधलेली. म्हणजे मुंबईत येण्यापूर्वीच ते अनेक हातांतून गेले होते. तरीही मूळ रचनाकाराचा उल्लेख न करता चाल वापरणे ही त्या काळातील चित्रपटसृष्टीची सर्रास रीत होती आणि रामचंद्र तिला अपवाद नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

मात्र सर्वच गीतांना नक्कल म्हणणे योग्य ठरत नाही. त्यांच्या बहुतेक नृत्यगीतांत ठेका, वाद्ये आणि वाद्यसंयोजन परकीय असते, पण मुखडा-अंतरा ही बांधणी आणि शब्दोच्चाराचा लहेजा देशी असतो. ब्लूजमध्येही एकच चाल अनेक गायक आपापल्या परीने गातात आणि प्रत्येकाची गायकी वेगळी ओळखू येते. उसने काय घेतले याबरोबरच त्यावर काय चढविले, हेही पाहावे लागते.

दुसरा प्रश्न श्रेयाचा आहे. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावर चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे असत. ट्रम्पेट वाजविणारा, तुकडे लिहिणारा सहायक यांची नावे नसत. ज्या वादकांमुळे ही गीते आजही ताजी वाटतात, त्यांतील अनेक जण अनामिक राहिले.

श्रोत्यांपर्यंत

रामचंद्र यांची भरभराटीची कारकीर्द ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या काळात झाली. या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. गीताची लांबी त्यामुळे ठरून जाई आणि मोठे गीत दोन भागांत विभागावे लागे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर अभिजात संगीताच्या आग्रहामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ घरोघर ऐकली जाऊ लागली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर आकाशवाणीवर चित्रपटगीतांना पुन्हा हक्काची जागा मिळाली.

उत्तरकाल

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकर आणि रामचंद्र यांचे सांगीतिक सहकार्य थांबले. १९६२ च्या चीन युद्धानंतर कवी प्रदीप यांनी लिहिलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गीताने ते दोघे पुन्हा एकत्र आले. २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीतील नॅशनल स्टेडियमवर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत लताबाईंनी ते गायिले. नृत्यगीतांसाठी प्रसिद्ध असलेल्या संगीतकाराची ही संयत रचना राष्ट्राच्या शोकाचे गीत ठरली.

साठच्या दशकात त्यांच्याकडील हिंदी चित्रपटांची संख्या घटली. यापूर्वी १९५३ मध्ये त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही संस्था काढून ‘झांझर’ व ‘लहरें’ हे चित्रपट निर्माण केले होते. आता ते मराठीकडे वळले आणि ‘धनंजय’ (१९६६) व ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटांची निर्मिती त्यांनी केली. ‘घरकुल’मध्ये सुरेश भट यांच्या शब्दांना आशा भोसले यांच्या स्वरातील हळुवार चाल आहे आणि त्याच चित्रपटात एका लोकप्रिय इंग्रजी गीताचे मराठी रूपही आहे. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनी चाली दिल्या. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वारसा

जुन्या ध्वनिमुद्रिका जपण्याचे काम मुख्यतः खासगी संग्राहकांनी केले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आणि कानपूरचे हरमंदिर सिंह हमराज यांनी संपादित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ यांमुळे त्या काळातील गीतांची विश्वसनीय नोंद उपलब्ध झाली. ग्रेगरी बूथ यांनी चित्रपट-वादकांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ लिहिला (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईतील जॅझचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात मांडला. या लेखनामुळे गोमंतकीय वादकांची नावे उशिरा का होईना, पण प्रकाशात आली.

भगवानदादांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटाने जुन्या ‘अलबेला’ची आठवण नव्या पिढीला करून दिली. २०२२ मध्ये दिल्लीतील बीटिंग रिट्रीट समारंभात अनेक वर्षे वाजविल्या जाणाऱ्या ‘अबाइड विथ मी’ या इंग्रजी भक्तिगीताऐवजी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून वाजविण्यात आली. पाश्चात्त्य वाद्ये आणि ठेके हिंदी गीतात आणणाऱ्या रामचंद्र यांची चाल आज लष्करी वाद्यवृंदाच्या पाश्चात्त्य वाद्यांवर वाजते.