वाकलेल्या बोटांचे कोडे उलगडणारा शल्यविशारद

अनामिका किंवा करंगळी हळूहळू तळहाताकडे वळू लागते, वेदना फारशी नसते, आणि एके दिवशी हात सपाट पसरता येत नाही. या विकाराला आजही डॉक्टर ज्याच्या नावाने ओळखतात, तो गियोम द्युपुइत्रें हा फ्रान्समधील लिमोज शहराजवळच्या प्येर-ब्युफियेर या लहानशा गावी ५ ऑक्टोबर १७७७ रोजी जन्मला.

घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षणासाठी तो पॅरिसला आला तेव्हा राज्यक्रांतीने जुन्या संस्था मोडून नव्या उभारायला आरंभ केला होता. त्या धामधुमीत हुशार पण निर्धन तरुणांना वाव मिळाला. १७९५ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, नव्या वैद्यकीय विद्यालयात शवविच्छेदन करून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले. १८०२ मध्ये त्याने ओतेल-द्यू या पुरातन रुग्णालयात प्रवेश केला. १८१५ मध्ये तो तेथील मुख्य शल्यविशारद झाला. पुढे राजाने त्याला बॅरन ही पदवी दिली आणि राजवैद्यकाचा मानही त्याच्याकडे आला.

यशाबरोबर शत्रूही वाढले. तो अत्यंत कष्टाळू होता, पहाटेच रुग्णालयात हजर होई. पण स्वभाव थंड, मत्सरी आणि तुसडा होता. सहकाऱ्यांनी त्याच्या कौशल्याचे कौतुक केले, माणूस म्हणून त्याच्यावर प्रेम करणारे मात्र थोडेच.

बोटांच्या या विकाराची नोंद त्याच्यापूर्वीही झाली होती. बाझेलच्या फेलिक्स प्लाटर याने १६१४ मध्ये तो वर्णिला, तर लंडनच्या हेन्री क्लाइन आणि अ‍ॅस्टली कूपर यांनी दोष तळहातातील तंतुपटलाकडे असल्याचे ओळखले होते. तरीही बहुतेक वैद्य कंडराच आखडल्या असे मानत आणि रुग्णाला निराश करून परत पाठवीत. द्युपुइत्रेंला असा विकार असलेल्या एका मृत वृद्धाचा हात मिळाला. त्याने त्वचा बाजूला केली, एकेक थर तपासला आणि कंडरा निर्दोष असल्याचे पाहिले. त्वचेखालचे पटल तोडताच बोटे सरळ झाली.

१२ जून १८३१ रोजी द्राक्षमद्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या हातावर त्याने शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. आडवा छेद देऊन पटल तोडले, जखम उघडीच ठेवली आणि बोटे ताणून धरण्यासाठी पट्टी बांधली. त्याच वर्षी ५ डिसेंबरच्या व्याख्यानात त्याने हे सर्व मांडले आणि त्याचे नाव विकाराला कायमचे चिकटले. कारणाविषयी मात्र त्याचा तर्क अपुरा होता. अवजारे दाबून धरण्याच्या कामाला तो दोष देई. आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढे स्पष्ट झाला, आणि मधुमेहींतही हा विकार अधिक आढळतो.

आजच्या उपचारांची मूळ कल्पना तीच आहे. सुईने पट्टा तोडणे ही त्याच्या छेदाची सौम्य आवृत्ती होय. रोगग्रस्त पटल काढून टाकणे ही अधिक प्रचलित शस्त्रक्रिया असून, वारंवार उलटणाऱ्या विकारात त्वचाही काढून दुसरीकडची त्वचा बसवितात. पट्टा विरघळविणारे कोलॅजिनेजचे इंजेक्शनही काही देशांत दिले जाते. उपाय कोणताही असो, विकार पुन्हा उद्भवू शकतो. सुईच्या उपचारानंतर तो लवकर परतण्याचा संभव जास्त, तर शस्त्रक्रियेनंतर बरे होण्यास वेळ अधिक लागतो. म्हणून केवळ गाठ असताना घाई न करता निरीक्षण ठेवावे. पण तळहात टेबलावर सपाट टेकेनासा झाला की हस्तशल्यविशारदाकडे जाण्यास विलंब लावू नये. बोटाचे मधले सांधे फार काळ वाकलेले राहिले, तर ते पूर्ण सरळ होणे कठीण जाते.

१८३३ मध्ये अर्धांगाच्या झटक्याने द्युपुइत्रें खचला आणि ८ फेब्रुवारी १८३५ रोजी फुप्फुसावरणाच्या विकाराने निवर्तला. हयातभर मिळविलेल्या संपत्तीतून त्याने शारीरविकृतिशास्त्राच्या अध्यासनासाठी देणगी ठेवली होती. त्याच्या नावाचे संग्रहालय त्यातूनच उभे राहिले. जिवंतपणी माणसे जोडणे त्याला जमले नाही. जगाने स्मरणात ठेवला तो, इतरांनी गृहीत धरलेली गोष्ट आपल्या हातांनी तपासून पाहणारा त्याचा आग्रह.