‘हॅश’चे बीज पेरणारे हान्स पीटर लून

गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेल्या संगणकात लाखो फायली सापडतात. त्यांतील बहुतेक नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या वेगळ्या काढल्याखेरीज खरा पुरावा हाती लागत नाही. हे काम सुकर करणाऱ्या ‘हॅश’ या आकड्याचे बीज हान्स पीटर लून यांनी पेरले.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतील बार्मेन येथे एका मुद्रकाच्या घरी झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. पुढे वस्त्रोद्योगाच्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले. तेथे कापडातील धागे मोजणारे ‘लुनोमीटर’ त्यांनी तयार केले. १९४१ मध्ये ते ‘आयबीएम’मध्ये दाखल झाले.

जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी कंपनीअंतर्गत एक टिपण लिहिले. प्रत्येक नोंदीवर गणिती प्रक्रिया करून छोटा आकडा काढावा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात ती नोंद ठेवावी, अशी ही कल्पना होती. शोध घेताना तेवढाच कप्पा उघडला की पुरे. दोन नोंदी एकाच कप्प्यात आल्या, तरी बिघडत नसे. क्रमांकातील चूक पकडणाऱ्या त्यांच्या यंत्राला १९६० मध्ये पेटंट मिळाले. त्यातील सूत्र आजही क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांसाठी वापरले जाते. १९ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात गूढलेखनशास्त्रज्ञांनी हॅशला ओळखपत्राचे रूप दिले. फायलीतील एक अक्षर जरी बदलले, तरी तिचा हॅश पूर्णपणे बदलतो. अमेरिकेची राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था ज्ञात सॉफ्टवेअरच्या फायलींचे हॅश संग्रहित करते. त्यांच्याशी जुळणाऱ्या फायली तपासातून वगळता येतात.

येथे मात्र दोन फायलींचा एकच हॅश निघणे परवडणारे नाही. तसे झाल्यास घातक फाइल निरुपद्रवी ठरून नजरेतून सुटू शकते. ‘एमडी५’ पद्धतीत २००४ मध्ये आणि ‘शा-१’ पद्धतीत २०१७ मध्ये संशोधकांनी अशी जुळी उदाहरणे घडवून दाखविली. त्यामुळे आता ‘शा-२५६’ अधिक विश्वासार्ह मानली जाते.

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद त्याने आवश्यक केली. योगायोगाने तो लून यांचा जन्मदिवस होता. शोध लवकर लागावा म्हणून त्यांनी मांडलेले गणित आता न्यायालयात पुराव्याची शुद्धता सिद्ध करण्याच्या कामी येत आहे.