देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र येते. यंदा आम्ही एका शाळामास्तरांचे निवडले आहे. हल्ली घरोघरची मुले कॉम्प्युटर शिकायला नागपूर, इंदूर, पुण्याला जातात आणि पहिल्याच वर्षी त्यांना 'सॉर्टिंग' शिकवतात. सॉर्टिंग म्हणजे क्रमवारी लावणे, आणि ती किती पायऱ्यांत लागेल याचा आधी हिशेब करणे. हाच हिशेब देवळालीच्या एका मास्तरांनी कागद-पेन्सिलीवर केला, आणि त्यावरून त्यांचे नाव जगभर झाले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई ते आठ वर्षांचे असताना वारली. वडील कारकून होते, पण ज्योतिषाचे वेडे. कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि मुलाला आकड्यांची गोडी तिथेच लागली. शाळा ठाण्यास, कॉलेज पुण्यास फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि पुढच्याच वर्षी ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. नागपूरहून मुंबईला जाताना नाशिक रोड गेले की लागते तेच हे देवळाली. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

एवढे ऐकून कोणीही म्हणेल, यात चरित्र लिहिण्यासारखे काय? तेच आता सांगतो.

१९४६ साली त्यांना पुढील गोष्ट सापडली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. मास्तरांचे जन्मसालच घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या वेळी ६१७४. आता ६१७४ वर तेच केले तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! तिथून सुटका नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत या घाटावर यावेच लागते. मधे उत्तर तीन आकडी आले, उदाहरणार्थ ९९९, तर पुढे शून्य लिहून चार आकडे पुरे करायचे, एवढीच अट. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी यातली खरी मेख पाहावी. सात पायऱ्या हे कशावरून? अशा ९९९० संख्या आहेत, त्या सगळ्या तपासायच्या का? नाही. क्रम लावला की वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतला फरक ९९९ ने गुणा, मधल्या दोघांतला फरक ९० ने गुणा, आणि बेरीज करा. या दोन फरकांच्या जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. म्हणजे ९९९० चे काम ५४ वर आले, आणि ५४ उदाहरणे एका संध्याकाळी वहीत होतात. काम करण्याआधी ते कमी कसे होईल हे पाहणे, यालाच हल्लीची पुस्तके अल्गोरिदमचे विश्लेषण म्हणतात.

आम्ही सरकारी नोकरीतले, म्हणून आमचे उदाहरण नस्तींचे. शंभर नस्ती क्रमांकाने लावायच्या आहेत. प्रत्येक नस्ती उरलेल्या प्रत्येकीशी ताडून पाहिली तर ४९५० वेळा पाहावे लागेल. त्याऐवजी गठ्ठ्याचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन भाग असे करत जा, छोटे गठ्ठे लावून एकमेकांत मिसळत या, की सहाशेच्या आत काम होते. कॉम्प्युटरसाठी ही युक्ती अमेरिकेत फॉन नॉयमन यांनी १९४५ साली लिहून काढली. त्याच सुमारास देवळालीत मास्तर वहीवर क्रम लावत होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते.

मास्तरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि पुढे तो अमेरिकेच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात छापून आला. पण आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटे. मास्तरांनी आपले काम बरेचसे लहानसहान पुस्तिकांतून छापले. शोधांना नावे देण्यातही त्यांचा खास ढंग होता. १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी डेमलो म्हटले, ते मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून. आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो ती हर्षद. (६१७४ ही स्वतः हर्षद आहे, बेरीज १८ आणि भागाकार ३४३.) दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिचेच आकडे मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू, जशी २०. आणि ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून पुन्हा ४५, अशांना तर त्यांचेच नाव आहे.

पोरखेळ म्हणणारे अगदीच चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. यातून पूल बांधला गेला नाही की रोग बरा झाला नाही. पण पदवी पाहून माणसाचे ऐकायचे की नाही ते ठरवणारी जी रीत आहे, ती आम्हा डिप्लोमावाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढगस्तीचे गेले. १९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून साधे राहूनही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला मास्तर कळले. वय तेव्हा सत्तर. १९८६ साली देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

मुलांसाठी थोडे उरले आहे. तीन आकड्यांत हाच खेळ ४९५ वर थांबतो. दोन आकड्यांत आणि पाच आकड्यांत तो कुठेच थांबत नाही, नुसता फिरत राहतो. असे का, ते वही घेऊन पाहावे.