धारवाडचा बाळू : चेंडू त्याच्या हाती, कप्तानी कमिटीच्या हाती

आयपीएल लागली की संघाचे मालक बाऊंड्रीबाहेर बसलेले दिसतात आणि कोण खेळणार, कप्तान कोण, यात त्यांची लुडबूड किती, यावर आपल्याकडे वाद रंगतो. पण बाहेर बसून संघ चालवण्याची ही खोड शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा सगळ्यात मोठा फटका बसला तो आपल्या धारवाडात जन्मलेल्या पालवणकर बाळूंना.

जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. बाळू वाढले पुण्यात. तिथं पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचं, रोलर ओढायचा. पुढं गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात नेटमध्ये तासन् तास डावखुरी फिरकी टाकायची. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. हिंदूंच्या क्लबानं संघात घेतलं, कारण साहेबांना हरवायचं होतं. मैदानावर चेंडू सगळे शिवत, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात!

1896 च्या प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी लोळवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा.

1911 साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज थोडेच सामने खेळले, बाकी वेळ मेजवान्या आणि भेटीगाठी. संघातले चांगले फलंदाज के. एम. मिस्त्री हे त्यांच्या पदरी नोकरीला, त्यामुळं मालक निघाले की तेही निघाले. आता बोला! संघ हरत राहिला, बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले.

इतकं करूनही हिंदू संघाची कप्तानी त्यांना मिळाली नाही. निवड जिमखान्याची कमिटी करायची आणि तिला जात दिसायची. खरी गंमत 1920 ची. कप्तान एम. डी. पै आजारी पडले, तर कप्तानी दि. ब. देवधरांकडे दिली आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर खेळाडू मोठेच, पण अनुभवाने आणि कामगिरीने हक्क पालवणकर भावांचा होता, असं आमचं मत. विठ्ठल आणि शिवराम हे धाकटे भाऊ जाहीर निवेदन काढून बाहेर पडले. लोकांत बोभाटा झाला. मग अंतिम सामन्याला बाळूंना परत बोलावून उपकप्तान केलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले, तेवढ्यापुरती बाळूंनी कप्तानी केली. वय 44. पैंचा मोठेपणा मानायलाच हवा, कमिटीचा नाही.

1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचा फार अभिमान. 1925 साली निपाणीत बहिष्कृत परिषदेला आलेले तेच बाबासाहेब. पण 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाळूंनाच त्यांच्यासमोर उभं केलं. इथंही फळी मांडणारे दुसरेच. बाळू थोड्या मतांनी हरले.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत ते वारले. प्रथम श्रेणीचे सामने फक्त 33, बळी 179.