अहिल्याबाईंच्या आयुष्यातून समजून घ्या क्लास आणि ऑब्जेक्ट

पायथनच्या कोर्समध्ये क्लास आणि ऑब्जेक्टचा धडा आला की सराव ठरलेला असतो: 'कार' नावाचा क्लास, एक लाल कार, एक निळी कार. शेवगावात मुलांना शिकवताना मी हे उदाहरण टाळतो. गाडीचा रंग बदलला काय अन् न बदलला काय, कोणाचं काही अडत नाही. म्हणून मी अहिल्याबाई होळकरांचं आयुष्य घेतो. २०२४ पासून आपल्या जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. मोबाइलवरही हा सराव होतो. पायथन ३ मध्ये क्लासची, व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, कीवर्ड तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात.

आधी 'व्यक्ती' हा क्लास करा. क्लास म्हणजे कोरा फॉर्म: नाव, गाव, जोडीदार, हयात. सुरुवातीला 'हयात'मध्ये "हो" ठेवा, जोडीदार रिकामा. आता पहिला ऑब्जेक्ट:

अहिल्या = व्यक्ती("अहिल्या")
अहिल्या.गाव = "चौंडी"

चौंडी म्हणजे जामखेड तालुक्यातलं गाव. ३१ मे १७२५ चा जन्म, वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी लग्न झालं. त्याचाही ऑब्जेक्ट करा आणि लिहा:

अहिल्या.जोडीदार = खंडेराव

इथे जरा थांबा. या ओळीने खंडेरावांची कॉपी होत नाही. अहिल्याच्या ऑब्जेक्टमध्ये फक्त त्यांचा पत्ता, म्हणजे रेफरन्स, साठवला जातो. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले:

खंडेराव.हयात = "नाही"

आता 'अहिल्या.जोडीदार.हयात' प्रिंट केलं तर "नाही" येईल. पण 'अहिल्या.हयात' प्रिंट करा. "हो"च येतं! ऑब्जेक्ट दोन आहेत, प्रत्येकाची स्टेट वेगळी. त्या काळची रूढी मात्र असं मानत नव्हती. नवऱ्याचं मूल्य बदललं की बायकोचंही बदललंच पाहिजे, असा तिचा हिशोब. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. कोडमध्ये ही मेथड झाली:

मल्हारराव.थांबव(अहिल्या)

एका ऑब्जेक्टची मेथड दुसऱ्या ऑब्जेक्टवर काम करते ती अशी. नुसतं वाचवून मल्हारराव थांबले नाहीत. सुनेला त्यांनी कारभार शिकवला, मोहिमेवरून पत्रं पाठवून तोफा-दारूगोळ्याची कामंही सांगितली. १७६६ मध्ये ते गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना दत्तक बसवून सत्ता आपल्या हाती ठेवायची होती, राघोबादादा त्यांच्या बाजूने फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी लढायची तयारी केली, माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि राघोबादादांना माघार घ्यावी लागली. फौज तुकोजी होळकरांकडे, कारभार स्वतःकडे, अशी वाटणी करून त्यांनी नर्मदेकाठचं महेश्वर राजधानी केलं. तुमच्या फाइलमध्ये 'अहिल्या.गाव' बदला.

आता माझा आवडता भाग. होळकरांकडे पैशाचे दोन कप्पे होते: दौलतीचा, म्हणजे राज्याचा, आणि खासगीचा. खासगीची जहागीर १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळाली होती, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद ही राज्याबाहेरची बांधकामं त्यांनी खासगीतून केली. सैन्याच्या पैशाला त्यासाठी हात नाही. ऑब्जेक्टमध्ये यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात. आतला डेटा बाहेरून कोणीही उचलायचा नाही, ठरवलेल्या मेथडमधूनच वापरायचा. पायथनमध्ये अशा नावापुढे अंडरस्कोर लावतात: _खासगी. गंमत म्हणजे हे कुलूप नाही. कोणी ठरवलंच तर थेट हात घालता येतो, पायथन अडवणार नाही. शिस्त लिहिणाऱ्याची. महेश्वरातही ती अहिल्याबाईंच्या हिशोबाच्या वहीनेच पाळली जात होती.

शेवटचा सराव पोरं जरा गप्प होऊन करतात. मुलगी मुक्ताबाईचा ऑब्जेक्ट करा, जोडीदार यशवंतराव फणसे. १७९१ मध्ये फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली.

अहिल्या.थांबव(मुक्ता)

मेथड तीच, जी एकेकाळी सासऱ्याने वापरली होती. पण मेथड हाक मारल्याने चालते, उत्तर समोरच्या ऑब्जेक्टच्या स्टेटवरही अवलंबून असतं. आईने विनवण्या केल्या, मुलगी थांबली नाही. म्हणून 'थांबव'मध्ये एक 'इफ' घाला: समोरची व्यक्ती ऐकते का? हे नवं अ‍ॅट्रिब्यूट कुठे ठेवायचं, क्लासमध्ये की एकट्या मुक्ताच्या ऑब्जेक्टमध्ये, ते दोन्ही प्रकारे चालवून बघा. मग १३ ऑगस्ट १७९५ ची ओळ लिहा. त्या दिवशी महेश्वरात अहिल्याबाई गेल्या.