रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व टाकळीचा हिरवा दगड

हिस्लॉप हें नांव नागपुरांत कोणास ठाऊक नाहीं? १८८३ सालीं निघालेलें महाविद्यालय त्यांच्याच नांवानें चालतें. परंतु एका हिरव्या दगडासही हें नांव मिळालें आहे, हें आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांनाच माहीत असेल.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. १८४५ सालीं ते मिशनरी म्हणून नागपुरास आले व पुढल्याच सालीं त्यांनीं येथें शाळा काढिली. उपदेशासाठीं खेडोपाडीं फिरतांना वाटेवरील दगडही ते निरखून पाहत. त्यांनीं व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं नागपूरच्या आसपासच्या खडकांचें व अश्मीभूत अवशेषांचें वर्णन १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रविषयक त्रैमासिकांत प्रसिद्ध केलें.

नागपूरनजीक टाकळी येथें गवतासारखा हिरवा दगड सांपडे. डब्लिनचे प्राध्यापक सॅम्युअल हॉटन यांनीं १८५९ सालीं त्याचें पृथक्करण करून त्यास हिस्लॉपाइट हें नांव दिलें. वस्तुतः तें मिश्रण आहे: चुनखडीच्याच द्रव्याचें कॅल्साइट व त्यांत मिसळलेलें ग्लॉकोनाइट नांवाचें हिरवें खनिज. केवळ रंगावरून पदार्थ ओळखूं गेल्यास फसगत होते ती अशी.

हा दगड फोडून त्याचें पीठ केलें, तरी एकही कण न सांडल्यास वजन पूर्वीइतकेंच भरेल; कारण आकार बदलला, द्रव्य बदललें नाहीं. सौम्य आम्लांत टाकिल्यास मात्र बुडबुडे येऊन कॅल्साइट विरघळतें व हिरवा भाग मागें राहतो. भांडें उघडें असल्यास वजन घटतें. पण घटलेलें द्रव्य नाहींसें न होतां वायुरूपानें निघून गेलेलें असतें.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना, पावसानें फुगलेल्या ओढ्यांत हिस्लॉपसाहेब बुडाले. मुक्कामावर घोडा तेवढा एकटा आला. शेचाळीस वर्षें पुरीं होण्यास अवघे चार दिवस उरले होते. त्यांचीं आदिवासींविषयींचीं टिपणें टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविलीं.

शाळेच्या वाटेवर आपण रोज किती दगड तुडवितों! त्यांतील एखादा उचलावा, फोडावा, तोलावा, एवढेंच या थोर पुरुषाच्या चरित्रावरून आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों.